घरातून व्यवसाय सुरू करताय? झोनिंगचे नियम असे तपासा

घरातून व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन निघतात: "माझ्या घरात हा धंदा चालेल का?" प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या धंद्याच्या नावावरून नियोजन विभागातल्या माणसाला फारसं काही ठरवता येत नाही. शिकवणी म्हणजे टेबलाशी बसलेली दोन मुलं असू शकतात, किंवा तासातासाला जिन्यातून चढउतार करणारी पंचवीस मुलांची तुकडी असू शकते. शिवणकाम एका मशीनवर चालतं, तसं दहा मशीनवरही चालतं. म्हणून झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या जागेत काय चालेल हे ठरवणाऱ्या, नियमांचा रोख वेगळ्याच गोष्टीकडे असतो: तुमच्या उंबरठ्यातून आत काय येतं आणि बाहेर काय जातं. माणसं, वाहनं, माल, आवाज, वास, पाटी. हे एकदा लक्षात आलं की जाडजूड नियमावली वाचतानाही नेमकं काय शोधायचं ते कळतं.

हा लेख पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी आहे. देशोदेशी, शहरोशहरी नियम वेगळे असतात, पण ते तपासण्याचा क्रम जवळपास सगळीकडे सारखाच राहतो. उदाहरणं मुद्दाम निरनिराळ्या ठिकाणची घेतली आहेत. आपल्या नियमावलीत कोणकोणत्या जागी मर्यादा दडलेल्या असू शकतात, याचा अंदाज त्यातून येतो.

हे नियम आले कुठून

थोडी पार्श्वभूमी कामाची आहे. जमिनीच्या वापरानुसार शहराचे विभाग पाडायचे, म्हणजे इथे राहायचं, इथे दुकानं, इथे कारखाने, ही झोनिंगची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोर धरू लागली. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी झोनिंगचा ठराव केला. पुढे ओहायो राज्यातल्या युक्लिड या छोट्या गावाच्या झोनिंगला एका जमीनमालक कंपनीने आव्हान दिलं आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. राहत्या वस्तीपासून उद्योग आणि व्यापार दूर ठेवण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला आहे, हे त्या निकालाने पक्कं झालं.

कारखान्याचा धूर घरात येऊ नये हा हेतू चांगलाच होता. पण घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, अशी रेघ ओढली की त्या रेघेवर बसणारी माणसं अडचणीत येतात. घरी वकिली करणारे, शिवणारे, शिकवणारे, दुरुस्ती करणारे यांना काय म्हणायचं? त्यांच्यासाठी नियमावल्यांमध्ये एक खिडकी ठेवली गेली. तिला कुठे घरगुती व्यवसाय म्हणतात, कुठे गृहाधारित व्यवसाय. आपल्याला शोधायची आहे ती ही खिडकी, आणि तिची रुंदी.

पहिली पायरी: धंद्याचं वर्णन एका पानावर लिहा

नियमावली उघडण्याआधी हे करा. हे पान पुढे अर्जात, सोसायटीच्या पत्रात, विमा कंपनीच्या फॉर्ममध्ये, सगळीकडे उपयोगी पडतं. मोघम लिहू नका. "ग्राहक येतील" यातून काहीच कळत नाही. "दिवसाला जास्तीत जास्त चार ग्राहक, वेळ ठरवून, एका वेळी एकच, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

पानावर काय असावं? घरातली कोणती खोली वापरणार आणि तिचं क्षेत्रफळ किती. घराचं एकूण क्षेत्रफळ किती. घरात राहणाऱ्यांपैकी कोण काम करणार, बाहेरून कुणी येणार का. ग्राहक येणार का, किती, कधी, त्यांची वाहनं कुठे उभी राहणार. माल कशाने येणार: टपालाच्या पाकिटाने, दुचाकीवरून की टेम्पोतून. यंत्रं कोणती, किती वीज घेतात, किती आवाज करतात. ज्वलनशील किंवा वास येणारं काही साठवणार का. बाहेर पाटी लावायची आहे का. विकणार ते घरी बनवलेलंच, की बाहेरून आणलेलंही.

लिहिताना आजचा आकडा आणि वर्षभराने अपेक्षित असलेला आकडा, दोन्ही मांडा. परवानगी पहिल्या आकड्यावर मिळते, तक्रार येते ती दुसऱ्यावर.

दुसरी पायरी: आपलं घर कोणत्या विभागात आहे ते शोधा

पत्ता पुरेसा नसतो. बहुतेक ठिकाणी जमिनीचा सर्व्हे क्रमांक, गट क्रमांक किंवा भूखंड क्रमांक लागतो. तो खरेदीखतावर, कराच्या पावतीवर किंवा जमिनीच्या उताऱ्यावर सापडतो. तो हाताशी घेऊन नियोजन प्राधिकरणाचा नकाशा पाहा. बऱ्याच शहरांचे नकाशे ऑनलाइन आहेत. नसतील तर कार्यालयात जाऊन झोन दाखला मागता येतो, आणि शक्य असेल तिथे तो घ्याच, कारण तो सहीशिक्क्याचा कागद असतो. स्क्रीनवरचा नकाशा पुरावा म्हणून कमी पडतो.

इथे तीन ठिकाणी गफलत होते. पहिली म्हणजे मसुदा आराखडा आणि मंजूर आराखडा यांची सरमिसळ. वर्तमानपत्रात गाजतो तो बहुधा मसुदा, आणि तुमच्या घराला कोणता लागू आहे हे कार्यालयातच विचारावं लागतं. दुसरी म्हणजे "समोरच्यांचं दुकान चालतं, मग माझंही चालेल" हा समज. विभागाची हद्द रस्त्याच्या मधूनही जाऊ शकते, आणि समोरचं दुकान नियम येण्याआधीपासूनचं असेल तर त्याला जुन्या वापराचं संरक्षण असू शकतं, जे तुम्हाला मिळणार नाही. तिसरी म्हणजे मूळ विभागावर चढवलेला दुसरा थर: वारसा परिसर, पूररेषा, विमानतळाजवळची हद्द, किनाऱ्याजवळचा पट्टा. घर निवासी विभागात असलं तरी अशा थराच्या जादा अटी लागतात. पाटी लावणं किंवा खिडकीचा दरवाजा करणं यांसारख्या किरकोळ गोष्टीही तिथे अडतात.

तिसरी पायरी: व्याख्या आधी, तक्ते नंतर

नियमावली हातात आली की लोक थेट परवानगी असलेल्या वापरांच्या यादीकडे वळतात आणि आपला धंदा त्यात दिसला नाही की निराश होतात. तसं करू नका. आधी व्याख्यांचं प्रकरण काढा आणि तिथे घरगुती व्यवसायाची व्याख्या शोधा. निम्म्याहून अधिक अटी त्या एका परिच्छेदातच कोंबलेल्या असतात.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतली (तिच्या जागी २०१८ मध्ये नवी नियमावली आली) व्याख्या या दृष्टीने फार बोलकी आहे. व्यवसाय तिथे राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीने करायचा. पगारी कामगार नकोत. या घरात राहण्याखेरीज आणखी काही चालतं, हे इमारतीच्या बाहेरून दिसता कामा नये. तिथे तयार झालेलीच वस्तू विकायची, बाहेरून आणलेली नाही. धोकादायक काही नको. यंत्रं घरगुती वापराचीच, आणि मोटर चालवायची असेल तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या आत. लोकांना बसवून खाण्यापिण्याची सेवा देणं यातून वगळलेलं. एक वाक्य, पण त्यात माणसं, पाटी, माल, सुरक्षितता आणि वीज या पाच वेगळ्या कसोट्या आहेत. घरगुती शिलाई मशीनची मोटर साधारण शंभर वॅटच्या आसपास असते, म्हणजे ती या मर्यादेत सहज बसते. मोठी औद्योगिक मोटर मात्र एकटीच ती ओलांडू शकते. अशी व्याख्या समोर आली की तिचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यासमोर आपल्या पानावरचा आकडा लिहा.

दुसरीकडे याच कसोट्या निराळ्या मापांनी येतात. जपानमध्ये राहण्यासाठीच्या सर्वांत कडक विभागातही घराला जोडून छोटं दुकान किंवा कार्यालय चालतं, पण तो भाग ५० चौरस मीटरच्या आत आणि एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी असावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात विनापरवाना मर्यादा १०० चौरस मीटर किंवा घराचा एक तृतीयांश भाग, यातली जी कमी असेल ती. "यातली जी कमी असेल ती" या शब्दांवरून डोळा घसरू देऊ नका. दीडशे चौरस मीटरच्या घरात शंभर नव्हे, पन्नासच मिळतात.

बाहेरच्या माणसांबद्दलची अट तर प्रत्येक ठिकाणी निराळी. फ्लोरिडात २०२१ च्या राज्य कायद्याने घरात न राहणारे दोन कर्मचारी चालतात. सिंगापूरमध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत: छोट्या घरगुती व्यवसायाला आधी मंजुरी लागत नाही पण बाहेरचा मदतनीस ठेवता येत नाही, आणि नोंदणी करून गृह-कार्यालय चालवलं तर बाहेरचे दोन जण ठेवता येतात. म्हणजे एकच काम, पण एक मदतनीस ठेवल्याबरोबर वाट बदलते. हे असं असताना "अगदी छोटंसं काम आहे माझं" या भावनेवर विसंबून चालत नाही. आकडा बघावा लागतो.

वगळलेल्या धंद्यांची यादीही जरूर वाचा. ती कधी कधी तर्काला धरून नसते. न्यूयॉर्कच्या जुन्या नियमांत केशकर्तन, सौंदर्यप्रसाधन, जनावरांचा दवाखाना यांच्या जोडीला अंतर्गत सजावटकारांची आणि जाहिरात संस्थांची कार्यालयंसुद्धा घरातून चालवायला बंदी होती. टेबलाशी बसून आराखडे काढणाऱ्याने शेजाऱ्याला काय त्रास होणार होता, ते समजत नाही. २०२४ मध्ये त्या शहराने हे नियम बरेच सैल केले. पण यादी जोवर लागू आहे तोवर ती लागू आहे, त्यामुळे आपला धंदा "सोज्वळ" आहे म्हणून यादी न वाचता पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: ग्राहक घरी येणार असतील तर

या पायरीवर जास्त वेळ द्या, कारण बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात. संगणकावर काम करून फाइल पाठवणाऱ्याचा उंबरठा शांत असतो. त्याला झोनिंगची चिंता फारशी नसते. ज्याच्या दाराची बेल दिवसातून दहादा वाजते त्याला असते.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल या संगीतासाठी प्रसिद्ध शहराची गोष्ट या बाबतीत सांगण्यासारखी आहे. तिथे घरातून व्यवसाय करता येत होता, पण ग्राहक घरी बोलावायला मनाई होती. एकाने घराच्या आवारात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ उभारला होता, एका बाईंनी घरातच केस कापण्याची सोय केली होती. दोघांनाही शहराने काम थांबवायला लावलं. त्यांनी २०१७ मध्ये न्यायालयात धाव घेतली, वाद बरीच वर्षं चालला, आणि दरम्यान २०२० मध्ये शहराने नियम बदलून दिवसाला सहा ग्राहकांपर्यंत मुभा दिली. संगीताच्या शहरात गाणं मुद्रित करायला कुणी घरी यायचं नाही, ही अट टिकण्यासारखी नव्हतीच. पण त्या दोघांची मधली वर्षं गेली ती गेली. म्हणून ग्राहकांच्या भेटीबद्दलची अट पैसे गुंतवण्याआधी शोधा. आवाजबंद खोली बांधून झाल्यावर किंवा खुर्ची, आरसे बसवून झाल्यावर शोधलेली अट फार महाग पडते.

भेटींबद्दल नियमावलीत चार गोष्टी तपासा: दिवसाची कमाल संख्या, एका वेळची कमाल संख्या, वेळेची मर्यादा, आणि वाहनतळ. यातलं वाहनतळ सगळ्यांत चिवट असतं. आपल्या हद्दीत जागा नसेल तर ग्राहकांना पायी किंवा सार्वजनिक वाहनाने यायला सांगणं, दोन भेटींमध्ये पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवणं, असे उपाय अर्जातच लिहा. दोन भेटींमधलं अंतर विशेष कामाचं आहे, कारण आधीचा ग्राहक निघायच्या आत पुढचा आला की दारात गर्दी दिसते, आणि शेजाऱ्यांच्या लक्षात राहतो तो गर्दीचाच क्षण.

आवाज, कंपनं, धूर, धूळ, वास याही अटी असतात. एक जुनी अट अनेक नियमावल्यांत अजून आढळते: यंत्रामुळे शेजारच्या रेडिओ-टीव्हीत व्यत्यय येता कामा नये. वेल्डिंग करणाऱ्यांनी किंवा मोठ्या मोटरी वापरणाऱ्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. मालाच्या बाबतीत गाडीचा प्रकार आणि साठवण पाहिली जाते. अंगणात किंवा सामायिक जिन्यात ठेवलेली खोकी हा तर हमखास भांडणाचा विषय. ती आगीच्या वेळी सुटकेची वाट अडवतात, त्यामुळे त्या भांडणात शेजाऱ्यांची बाजू खरी असते.

पाचवी पायरी: तीनपैकी कोणत्या रांगेत उभं राहायचं

आता तुमचं पान आणि नियम शेजारी ठेवले की तीनपैकी एक उत्तर निघतं.

एक, काहीच करावं लागत नाही. अटी पाळल्या तर घरगुती व्यवसाय घराच्या वापरातच धरला जातो.

दोन, नोंदणी किंवा साधा परवाना. फॉर्म, शुल्क, कधी एखादी पाहणी.

तीन, विशेष परवानगी किंवा वापरबदलाची परवानगी. इथे अर्ज, शेजाऱ्यांना सूचना, कधी सुनावणी, आणि मंजुरी मिळालीच तर अटींसह.

कुठल्या रांगेत आहोत हे स्पष्ट होत नसेल तर इंग्लंडमधल्या नियोजन विभागांच्या मार्गदर्शनातले चार प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. घर यापुढे मुख्यतः राहण्याचं घर उरणार नाही का? वाहनं किंवा येणारी माणसं लक्षात येण्याइतकी वाढतील का? राहत्या वस्तीत एरवी न दिसणारं काही काम होईल का? शेजाऱ्यांना अवेळी किंवा इतर प्रकारे त्रास होईल का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर परवानगी लागण्याची शक्यता मोठी. नियम इंग्लंडचे असले तरी हे प्रश्न कुठल्याही गावच्या अधिकाऱ्याच्या मनात असतातच.

तिसऱ्या रांगेत दोन वेगळे अर्ज असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एका अर्जाचा अर्थ असा: "हा वापर या विभागात अटींवर चालतो असं नियमच म्हणतात, मी त्या अटी पूर्ण करतो." दुसऱ्याचा अर्थ: "नियम आडवा येतो, मला त्यातून सूट द्या." पहिला मिळण्याजोगा असतो. दुसऱ्यासाठी बऱ्याच ठिकाणी जमिनीची किंवा बांधकामाचीच काही खास अडचण दाखवावी लागते, आणि "दुकानाचं भाडं मला परवडत नाही" हे कारण, कितीही खरं असलं तरी, धरलं जात नाही. त्यामुळे सूट मागण्याआधी धंद्याचा आकार थोडा कमी करून पहिल्या अर्जात बसता येतं का ते बघा. बऱ्याचदा बसता येतं.

सहावी पायरी: नियोजन विभागापलीकडचे दरवान

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात प्रचलित अर्थाने झोनिंगच नाही. तरी तिथल्या अनेक वसाहतींत घरातून हवं ते करता येत नाही, कारण जमिनीच्या कागदपत्रांत खासगी बंधनं लिहिलेली आहेत, आणि ती पाळली जावीत म्हणून खुद्द शहरही कारवाई करू शकतं. फ्लोरिडाच्या कायद्याने स्थानिक संस्थांचे हात बांधले, पण रहिवासी संघांच्या नियमांना हात लावला नाही. धडा असा की सरकारी परवानगी मिळाली तरी खासगी करार वेगळा उभा असतो.

म्हणून भाडेकरार, सोसायटीचे उपविधी किंवा वसाहतीचे नियम, गृहकर्जाचा करार आणि घराची विमा पॉलिसी, ही चारही कागदपत्रं काढून "निवासी वापर" हे शब्द कुठे येतात ते पाहा. भाड्याच्या घरात मालकाची लेखी संमती घ्या. तोंडी संमती मालक बदलला की संपते. विम्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. साध्या गृहविम्यात व्यवसायाचं सामान आणि ग्राहकाला झालेली इजा बहुधा धरलेली नसते. ग्राहक जिन्यात पडला किंवा साठवलेल्या मालामुळे आग लागली, आणि व्यवसायाची माहिती कंपनीला दिलेलीच नसेल, तर घराचाही दावा अडचणीत येऊ शकतो.

धंद्याचे स्वतःचे परवाने, म्हणजे खाद्यपदार्थ, आरोग्य, बालसंगोपन, दुकाने व आस्थापना, करनोंदणी, हे झोनिंगपासून स्वतंत्र आहेत. एक मिळाला म्हणून दुसरा मिळाला असं होत नाही. काही वेळा मात्र वरचा कायदा खालच्या नियमावर मात करतो. कॅलिफोर्नियात २०२० पासून घरातल्या पाळणाघराला, चौदा मुलांपर्यंतच्या मोठ्यालासुद्धा, निवासी वापरच मानावं लागतं. तुमच्या व्यवसायासाठी असा राज्यपातळीवरचा कायदा आहे का, हे विचारायला विसरू नका. खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला तो ठाऊक असेलच असं नाही.

करखात्याला सांगितलेले आकडे आणि नियोजन विभागाला सांगितलेले आकडे जुळायला हवेत. करसवलतीसाठी घराचा अर्धा भाग व्यवसायाचा दाखवायचा आणि नियोजनाच्या अर्जात एक कोपरा, हे कधी ना कधी समोरासमोर येतं. ब्रिटनमध्ये तर घराचा एखादा भाग केवळ व्यवसायासाठीच वापरला, तर घर विकताना भांडवली नफ्यावरची सवलत त्या भागापुरती जाऊ शकते.

सातवी पायरी: प्रश्न लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या

खिडकीवर उभं राहून "चालतं हो" असं ऐकून परतलेली माणसं पुढे सगळ्यांत जास्त पस्तावतात. सांगणाऱ्याने मनापासून सांगितलेलं असतं, पण नोटीस काढणारा अधिकारी दुसराच असतो. म्हणून पहिल्या पायरीतलं पान जोडून पत्र किंवा ईमेल पाठवा. प्रश्न असा असावा: "सोबत दिलेल्या तपशिलाप्रमाणे, या भूखंडावरील घरात हा व्यवसाय करण्यासाठी परवानगी लागते का? लागत असल्यास कोणत्या नियमानुसार आणि कोणता अर्ज?" नियमाचा क्रमांक मागितला की उत्तर देणाऱ्यालाही नियम उघडून बघावा लागतो.

काही ठिकाणी याहून भक्कम सोय आहे. इंग्लंडमध्ये शुल्क भरून, नियोजित वापर कायदेशीर आहे असा दाखला घेता येतो. असा दाखला मिळत असेल आणि तुम्ही मोठी रक्कम गुंतवणार असाल, तर ते शुल्क आनंदाने भरा.

आठवी पायरी: शेजारी

घरगुती व्यवसायांवरची कारवाई बहुतेक वेळा तक्रारीवरून सुरू होते. त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणं हा सौजन्याचा भाग तर आहेच, पण तो अर्जाइतकाच महत्त्वाचा टप्पाही आहे. सूचनेचा सरकारी कागद त्यांच्या दारात पोहोचण्याआधी तुम्ही स्वतः जा. वेळा सांगा, गाड्या कुठे लागतील ते सांगा, आणि त्रास झाला तर थेट फोन करा म्हणून नंबर द्या. ज्यांच्या भिंतीला तुमची भिंत लागून आहे त्यांच्याकडे, आणि खालच्या मजल्यावर, आधी. घरात तान्हं मूल, आजारी माणूस किंवा रात्रपाळी करणारं कुणी असेल तर तुमच्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी बदल करा. हा बदल अर्जात लिहिला तर सुनावणीत त्याचं वजन पडतं.

सुनावणीत विरोध झालाच तर विरोध करणाऱ्याला उत्तर देत बसण्यापेक्षा अट सुचवा. "आवाज होणार नाही" यापेक्षा "यंत्र सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर चालणार नाही" हे वाक्य मंजुरीच्या आदेशात जसंच्या तसं उतरवता येतं.

नोटीस आली तर

नोटिशीकडे दुर्लक्ष करून काम चालू ठेवू नका आणि घाबरून घरही रिकामं करू नका. नोटिशीत तीन गोष्टी शोधा: कोणता नियम मोडल्याचं म्हटलंय, काय करायला सांगितलंय, आणि अपिलाची मुदत. मुदत कडक असते. इंग्लंडमध्ये अंमलबजावणीची नोटीस बजावल्यापासून ती लागू होईपर्यंत किमान २८ दिवस असतात आणि अपील त्या तारखेआधीच पोहोचावं लागतं. तारीख गेली की मग वाद नियमाचा राहत नाही, आणि दिलेल्या मुदतीत नोटीस पाळली नाही तर तो गुन्हा होतो. बऱ्याचदा तक्रार एकाच बाबीवर असते, पाटीवर किंवा गाड्यांवर. ती बाब लगेच दुरुस्त करून, फोटोसह लेखी कळवलं तर प्रकरण तिथेच मिटू शकतं.

परवानगी मिळाल्यानंतर

आदेशातल्या अटी एका कागदावर उतरवून कामाच्या खोलीत लावा, कारण मदतीला येणाऱ्यालाही त्या माहीत हव्यात. ग्राहकांच्या भेटींची वही ठेवा. तक्रार आलीच तर "दिवसाला चारच येतात" हे त्या वहीवरून दाखवता येतं. नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा.

दुसरा कर्मचारी ठेवायचा, नवं यंत्र आणायचं, बाजूची खोली वापरात घ्यायची असेल, तर दर वेळी पहिल्या पायरीतलं पान पुन्हा काढून आकडे बदला आणि व्याख्येशी ताडून बघा. घरगुती व्यवसाय मोठा होऊन मर्यादा ओलांडू लागला की जास्तीचा भाग भाड्याच्या गाळ्यात किंवा गोदामात हलवणं आणि घरी फक्त कार्यालय ठेवणं, ही सूट मागत बसण्यापेक्षा जलद वाट असते.

आणि घर बदलणार असाल तर लक्षात ठेवा, अशी परवानगी पुष्कळ ठिकाणी त्या व्यक्तीला त्या पत्त्यापुरतीच दिलेली असते. नव्या घरी ती बरोबर येत नाही, आणि जुनं घर घेणाऱ्यालाही ती आपोआप मिळत नाही. नवं घर ठरवताना विसाराची रक्कम देण्याआधी झोन दाखला आणि सोसायटीचे उपविधी मागून घ्या.